फोनातल्या बाईने मोजलेल्या गोर्दिता

"काल आपण अकरा गोर्दिता खाल्ल्या," फोनातली बाई मधाळ आवाजात म्हणाली. "आज थोडा संयम पाळू या का?"

ओर्तेन्सियाच्या हातातला उकडलेल्या निवडुंगाचा तुकडा ताटलीत पडला. अकरा! अकरा सोडा, महिनाभरात तिने एका गोर्दितेचा वाससुद्धा घेतला नव्हता. मक्याची ती टम्म जाड भाकरी, पोट चिरून आत गरमागरम सारण कोंबलेली... नुसतं नाव काढलं तरी तिचा जीव कासावीस व्हायचा. म्हणून तर ती गोर्दितांच्या टपऱ्या टाळून बाजाराला लांबच्या चढाने जायची, दुखरे गुडघे दाबत, देवाचं नाव घेत.

त्या गुडघ्यांनीच सगळा घोळ केला होता. वजन उतरल्याशिवाय शस्त्रक्रिया नाही, असं सांगून डॉक्टरांनी तिला ब्रिखिदाबाईंकडे धाडलं. ब्रिखिदाबाई गोळ्या देत नसत, सुया टोचत नसत. त्या सवयी बदलत. त्यासाठी त्यांनी प्रत्येकीच्या फोनात एक बाई बसवून दिली होती. ही बाई दिवसभर कान टवकारून बसायची, खाण्याचं नाव ऐकलं की नोंदवायची, आणि मधूनच "भूक लागली आहे, की मन उदास आहे?" असंही विचारायची. इतकी विचारपूस ओर्तेन्सियाच्या सख्ख्या बहिणींनी कधी केली नव्हती!

दुपारी ब्रिखिदाबाईंचाच फोन आला.

"ओर्तेन्सियाबाई, अकरा? आणि त्याही चिचारोन भरलेल्या? डुकराची तळलेली कातडी? या वयात?"

"ग्वादालूपेच्या मेरीमातेची शपथ, बाई! मी झाडपाला खातेय हो!"

"शुक्रवारी या. तोवर नोंदी सुधारल्या नाहीत, तर तुमची जागा दुसरीला द्यावी लागेल. रांग मोठी आहे."

जागा गेली की शस्त्रक्रिया गेली. शस्त्रक्रिया गेली की उरलेला जन्म खुर्चीत. ओर्तेन्सियाने त्या खुर्चीकडे पाहिलं आणि तिला खुर्चीचा रागच आला.

घरातही कुणी तिच्या बाजूने नव्हतं. नात यारेत्सी कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली.

"आजी, खरं सांग. लपवतेस कुठे?"

"तुझ्या नाकाखाली!"

"चिचारोनसकट नोंद आहे. फोन कशाला खोटं बोलेल?"

"म्हणजे मी बोलते?"

यारेत्सीने चरबीचा डबा उचलला आणि आपल्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. बोलली असती तर परवडलं असतं.

स्फोट झाला तो जेवताना, आणि तो केला आजोबांनी, ओर्तेन्सियाच्या नवऱ्याने. एवारिस्तोला एका कानाने ऐकू येत नव्हतं आणि दुसऱ्याने हवं तेवढंच यायचं. ताटात पुन्हा निवडुंग दिसल्यावर त्याने चमचा आपटला.

"बास झालं! थट्टा चालवलीय का माझी? येता-जाता विचारतेस, सारण कोणतं? मी सांगतो, चिचारोन. आणि वाढतेस काय, तर काटे काढलेलं झुडूप!"

"मी कधी विचारलं रे, म्हाताऱ्या?"

"सकाळीच! दारातून आलो, म्हटलं, गोर्दिता, माझी टोपी कुठाय—"

"एक गोर्दिता नोंदवली," फळीवरून मधाळ आवाज आला. "सारण कोणतं?"

"बघ! परत विचारतेय!" एवारिस्तो ओरडला. "चिचारोन!"

"नोंदवलं," फोन म्हणाला.

यारेत्सी आधी फोनकडे बघत राहिली, मग आजोबांकडे, आणि मग टेबलावर डोकं टेकून इतकी हसली की तिला उचकी लागली. गोर्दिता म्हणजे ती भाकरी, आणि गोर्दिता म्हणजे लाडाने 'जाडुले'. लग्नाच्या आधीपासून एवारिस्तोने बायकोला दुसऱ्या नावाने हाकच मारली नव्हती. बायको फोन फळीवर ठेवून गच्चीवर कपडे वाळत घालायची, हा खालून हाका मारायचा, आणि प्रत्येक हाकेला फोनातली बाई एक भाकरी तळायची!

"शुक्रवारपर्यंत मला नावाने हाक मार," ओर्तेन्सियाने फर्मान काढलं.

झालं. घराची पार रया गेली. एवारिस्तो दारात ताठ उभा राहून म्हणायचा, "ओर्तेन्सिया." ती हातातलं काम टाकून लंगडत यायची.

"काय झालं? कोण गेलं?"

"मीठ हवंय."

फोन खूश होता. रोज तिचं कौतुक करत होता. पण एकदा मात्र त्याने "मन उदास आहे का?" असं विचारलं, आणि ओर्तेन्सिया त्याच्याकडे पाठ फिरवून भांडी घासत बसली.

गुरुवारी संध्याकाळी दोघं उंबऱ्यावर बसले होते. फोन आत, उशीखाली.

"त्या फोनला तरी काय बोलायचं?" एवारिस्तो म्हणाला. "ही चूक पहिल्यांदा तूच केलीस."

"मी?"

"बसच्या थांब्यावर, तुझ्या आईच्या तव्याशी. केरसुणीची काडी होतीस नुसती. मला तुझं नाव कुठे ठाऊक? लाडाने म्हटलं, गोर्दिता! तर तू वरसुद्धा न बघता विचारलंस, सारण कोणतं?"

"मग खरं सांगायचं ना!"

"हिंमत कुठली! म्हटलं, चिचारोन. दुसऱ्या दिवशी पुन्हा धीर गोळा करून आलो. पुन्हा चिचारोन. लग्न ठरेपर्यंत माझ्या पट्ट्याला भोकं पुरेनात."

ओर्तेन्सियाला तो पोरगा आठवला. वाफेने लाल झालेला, तोंड भरलेलं, डोळ्यांसमोरून बस निघून गेली तरी तिथेच उभा.

"मला वाटायचं, काय खादाड आहे हा!"

"तरी हो म्हणालीस?"

"आई म्हणायची, रोजचं गिऱ्हाईक सोडायचं नसतं."

तो हसला. हाक मारायला तोंड उघडलं, आणि उशीकडे बघून मिटलं. ओर्तेन्सियाला गुडघ्यांपेक्षा ते जास्त दुखलं.

शुक्रवारी ब्रिखिदाबाईंनी वजनकाट्याकडे बघितलंच नाही. "काटा आज उतरेल, उद्या चढेल. मला सवय बघायचीय. अकरावरून एकदम शून्य, म्हणजे फोन लपवून खाल्लंत! आणि म्हणे नवरा हाक मारतो! गेल्या आठवड्यात एकीने पोपटावर ढकललं होतं. या महिन्यात काय झालंय तुम्हा बायकांना? जी ती गोर्दितांवर तुटून पडलीय!" त्यांनी नाव खोडायला पेन उघडलं.

एवारिस्तो टोपी हातात घेऊन उभा होता.

"सांग ना रे यांना!"

"तूच म्हणालीस, नावाने हाक मार."

"आता मीच म्हणतेय. मार हाक! अगदी तेव्हासारखी!"

एवारिस्तोने छाती भरून श्वास घेतला. आठवडाभर साठलेली, बसच्या थांब्यावर अर्धी राहिलेली, अशी सगळी हाक एकदम बाहेर पडली.

"गोर्दिताऽऽ!"

बाहेरच्या बाकांवरच्या सगळ्या बायकांनी एकदम मान वळवली. "काय रे?" "आले, आले!" "ऐकतेय मी, ओरडू नकोस!" आणि पाठोपाठ पर्समधून, एप्रनच्या खिशातून, भाजीच्या पिशव्यांच्या तळातून एकच मधाळ आवाज उठला, "एक गोर्दिता नोंदवली. सारण कोणतं?"

ब्रिखिदाबाईंचं पेन हवेतच राहिलं.

आणि मग, थोडा उशिराने, त्यांच्याच टेबलाच्या बंद खणातून तोच मधाळ आवाज हळूच आला, "सारण कोणतं?"