गळ्यातला की गळाचा

डीकन हॉलिस गेला. म्हणजे देवाघरी नव्हे, डेट्रॉइटला, मुलीकडे. पण लिटल गिलियड चर्चच्या गायकांना दोन्ही सारखंच. एकतीस वर्षं त्याने खर्ज लावला होता. बाकीचे सूर वरती भिंती चढवायचे आणि हॉलिस खाली पाया होऊन उभा असायचा.

गाणाऱ्यांच्या प्रमुख अर्नेस्टीनबाई. त्यांना झोप नव्हती, कारण येत्या रविवारी रेव्हरंड गॅडींचं शेवटचं प्रवचन होतं. गॅडी प्रवचन सांगत नसत, गात असत. सुरुवात साध्या बोलण्याने, मग बोलता बोलता सूर लागे, मागून मंडळी झील धरत, आणि शेवटी म्हाताऱ्याचा आवाज थेट आढ्याला जाऊन थांबे. तिथे ते वाट पाहत. खालून हॉलिसचा खर्ज आला की त्याच्यावर पाय देत देत, पायरी पायरीने उतरत, आणि शेवटच्या पायरीवर 'आमेन' म्हणत. त्या उतरण्यातच माणसांचे डोळे भरून येत. हॉलिस गेल्यापासून तीन रविवार झाले. म्हातारा वर चढे, खाली शिडी नाही असं पाही, खोकून गप्प बसे. निदान निरोपाच्या दिवशी तरी देवाने त्यांना असं टांगून ठेवू नये, एवढंच बाईंचं मागणं होतं.

म्हणून त्यांनी चर्चच्या दुसऱ्या सेवेकऱ्याकडे, डीकन मिम्सकडे, चिठ्ठी दिली. चर्चबाहेरच्या फलकावर सुटी अक्षरं लावायचं काम त्याचं. चिठ्ठीत होतं, 'रविवारच्या गाण्यासाठी खर्जाचा गायक हवा. लहानमोठ्या सर्व मापांचे झगे आहेत. गुरुवारी पाचला तळघरात यावं.' पण मिम्सच्या बुटांच्या खोक्यात अक्षरं होती मोजकी. जे कुणालाही आपोआप कळेल ते त्याने गाळलं.

आता इंग्रजीची एक खोड आहे. खर्जाला ती म्हणते बेस, आणि तळ्यातल्या एका माशाला म्हणते बॅस. लिहिताना मात्र दोघांची अक्षरं तीच चार. गळ्यातला कोणता आणि गळाचा कोणता, हे वाचणाऱ्याने ठरवायचं. आणि अलाबामातलं पाइन लँडिंग हे गाव तळ्याच्या काठी असल्यामुळे तिथे ते पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलंच होतं. गावाने वाचलं ते असं: रविवारसाठी बॅस हवे. लहानमोठे चालतील. गुरुवारी पाच. तळघर.

गुरुवारी पाचला बाई पियानोपाशी बसल्या होत्या. पहिला आला बर्ल स्टॅप, शाळेतल्या पोरांना फुटबॉल शिकवणारा. त्याच्या हातात झाकलेली बादली होती. गाणारी माणसं घशासाठी काय काय करतात, बाईंना सवय होती.

"ती बाजूला ठेव आणि तोंड उघड," त्या म्हणाल्या.

"माझं की त्याचं?" बर्लने विचारलं आणि झाकण काढलं.

बाईंनी बादलीत पाहिलं. बादलीतल्याने बाईंकडे पाहिलं. बर्लच्या मागे जिन्यावर रांग लागली होती आणि रांगेत एकाचेही हात रिकामे नव्हते. कुणाकडे टब, कुणाकडे बर्फाची पेटी. गावातली अर्धी पोरं ज्यांच्या हातून लिहायला शिकली त्या मिस लॅव्हिनिया भांडी घासायचं घमेलं घेऊन आल्या होत्या.

बाईंनी मिम्सला बोलावलं.

"अक्षरं पुरेनात, सिस्टर," तो म्हणाला. "गायक लावायचा तर रविवार काढावा लागत होता. चर्चला बेस कशाला लागतो हे काय सांगावं लागतं?"

"लॅव्हिनिया, तू तरी," बाई म्हणाल्या. "तुला दोन्ही अर्थ ठाऊक."

"अर्थ काय, मूळही ठाऊक आहे," बोटात घुसलेला काटा काढत मिस लॅव्हिनिया म्हणाल्या. "माशाचं नाव पडलं त्याच्या काट्यांवरून, जुन्या इंग्रजीत. आवाजाचं आलं लॅटिनमधून. खालचा, ठेंगणा असा अर्थ. विचार केला मी फलकापुढे उभं राहून. पण गायक कुणी 'लहानमोठे चालतील' म्हणून मागवतं का गं?"

एवढ्या प्रेमाने आणलेलं परत कसं करायचं? बरेचसे मासे जिवंत होते, टब अपुरे पडू लागले, आणि रविवारच्या बाप्तिस्म्याला माणसं बुडवून काढायचा वरचा हौद भरलेला होता. बाई नको म्हणेपर्यंत मिम्सने बादल्या वर पोचवल्याही होत्या. गलका ऐकून रेव्हरंड गॅडी आले. हौदाच्या काठाशी उभं राहून त्यांनी त्रेचाळीस मासे मोजले.

"चौतीस वर्षं राबलो," ते म्हणाले, "पण एवढे जण एका दिवसात पाण्यात उतरलेले पाहिले नाहीत."

शनिवारी मासे तळायचे, साऱ्या गावाने जेवायला यायचं असं ठरलं. मंडळी खुशीत पांगली. बाई तळघरात एकट्या उरल्या. त्रेचाळीस बॅस मिळाले होते, बेस एकही नाही. त्यांनी पियानोचं झाकण लावलं आणि त्यावर कपाळ टेकलं.

तेवढ्यात जिन्यावरून एक ताडमाड माणूस वाकून उतरला. एमोस टार्व्हर. बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. दोन वर्षं सर्वांत मागच्या बाकावर बसे आणि शेवटी एकमेकांशी हात मिळवायची वेळ आली की पसार होई. त्याने बाईंपुढे एक पुडकं ठेवलं. गोठलेलं, वर दुकानाची चिठ्ठी.

बाईंनी कपाळ न उचलता तिरकं पाहिलं. "हा बॅस नाही, बाळा. हा कॅटफिश आहे."

"हो, बाई. बॅस दुकानात मिळत नाही."

बाईंनी कपाळ उचललं. झाकणाखाली पियानोच्या तारा गुणगुणत होत्या.

"पुन्हा बोल."

"काय बोलू?" एमोस म्हणाला, आणि तारा पुन्हा गुणगुणल्या.

मग हळूहळू बाहेर आलं. तो सगळ्यांच्या आधी, साडेचारलाच आला होता. गायला. धीर होईना म्हणून ट्रकमध्ये बसून राहिला. "तेवढ्यात रांग लागली. बघतो तर सगळ्यांकडे मासे. म्हटलं, आपलंच वाचायचं चुकलं. मग रिकाम्या हातानं कसं यायचं?"

रविवारपर्यंत हौद तीनदा घासून झाला. तरी बाप्तिस्मा घेणाऱ्या दोघांनी आधी पाण्यात डोकावून पाहिलंच. हॉलिसचा झगा एमोसला गुडघ्यांपर्यंत आला. रेव्हरंड गॅडींनी लिहून आणलेले कागद बाजूला सारले आणि बायबलमधली, रात्रभर जाळी टाकून रिकाम्या हाताने परतलेल्या कोळ्यांची गोष्ट घेतली. बोलता बोलता सूर लागला. मंडळींनी झील धरली. आवाज चढत चढत आढ्याला गेला आणि थांबला. अर्नेस्टीनबाईंनी डोळे मिटले.

खालून, अगदी खालून, जमिनीतून यावा तसा खर्ज आला. वर टेकलेला म्हातारा हसला, आणि एकेक पायरी चाचपत, मुळीच घाई न करता उतरू लागला. शेवटच्या पायरीवरचं 'आमेन' त्यांच्या तोंडून निघायच्या आधीच सारं चर्च म्हणून मोकळं झालं.

सोमवारी मिम्स खोकं घेऊन बाईंच्या दारात हजर. "बेसबद्दल आभार, असं लावतो म्हणतो. पण गायकाचे की माशांचे, ते लिहायला अक्षरं नाहीत."

"दोघांचेही," बाई म्हणाल्या. "तीच चार पुरतात."