ऐरावताच्या डाव्या चाकाची बखर

॥ ज्या मातीनें बीं पोटीं धरिलें आणि ज्या पाण्यानें तें जागें केलें, त्या दोहोंस आधीं दंडवत ॥

शके एकोणीसशें सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, मास मार्गशीर्ष. संवत्सराचें नांव क्रोधी खरें, परंतु त्या महिन्यांत राज्यावर ऐसें दाट धुकें उतरलें कीं कोणावर रागवायाचें म्हटलें तरी आधीं तो माणूस शोधावा लागे, आणि सांपडेपर्यंत राग निवून जाई. राज्य माळावरचें. नांव कशास पाहिजे? हिरव्या जाळीचें आभाळ, ठिबकाच्या नळ्यांच्या नद्या, आणि प्रजा म्हणजे रोपें. कलमी आंबा, जांभूळ, सोनचाफा, बकुळ, सीताफळ, ऐसी लाखावर प्रजा काळ्या पिशव्यांत रांगेनें उभी, कोणी कोणाशीं भांडत नाहीं, पाणी मिळालें कीं खूष. सकाळीं जाळीखालीं गेलें कीं ओल्या मातीचा वास येई आणि आपण जागे आहों कीं निजलों आहों हें समजत नसे. थोरले मालक स्वर्गवासी जाहल्यावर या राज्याचा कारभार त्यांच्या पत्नी सगुणाबाई शेलार यांजकडे आला. त्यांस सर्व लोक वैनीसाहेब म्हणत. बोलणें थोडें, नजर सावकाश, परंतु कोणतें रोप कोणत्या गांवीं गेलें हें त्यांस तोंडपाठ. त्यांच्या हाताखालीं एक कारभारी होता, मोठा शहाणा, निदान त्याची स्वतःची तैसी समजूत होती.

आणि राज्याचें वाहन म्हणजे एक पिकअप गाडी, बावीस वर्षांची, रंगानें एके काळीं पांढरी. मालकांनीं हौसेनें तिचें नांव ऐरावत ठेविलें होतें. हौद्यांत पांचशें रोपें उभीं करून तो घाट उतरे तेव्हां एक झाडी आपल्या पायांनीं चालली आहे ऐसें वाटे आणि वाटेवरचीं माणसें उगीच हात जोडीत. त्याचे सारथी भिवाजी तोडकर, बावीसही वर्षें तेच. उंच, हाडकुळे, मिशी पिकलेली, गाडींत बसण्यापूर्वीं चपला काढून ठेवणार. सर्व त्यांस मामा म्हणत. गाडीची किल्ली काळ्या गोंड्यांत बांधून ते कंबरेस खोंवीत, आणि घरीं गेल्यावरही काढीत नसत, ऐसें त्यांची मंडळी हंसून सांगत असे.

तो मार्गशीर्ष शुद्ध पंचमीस मामा जांभळाचीं रोपें घेऊन ओढ्याच्या वळणास गेले, आणि तेथें लहानसा खळगा लागला, आणि डाव्या पुढच्या चाकाखालून आवाज जाहला, खट्ट. मोठ्या खड्ड्यांत नाहीं, उतारावर नाहीं, केवळ लहान खळग्यांत आणि गाडी हळू असतां. मामांनीं गाडी थांबविली, खालीं वांकून पाहिलें, कांहीं दिसेना, मग पुढें गेले, आणि पुन्हां खट्ट. परत येऊन त्यांनीं चहाच्या वेळीं सर्वांसमोर अर्ज केला कीं, "वैनीसाहेब, डाव्या चाकात कायतरी हाय. घाटात चाक हातचं गेलं तर मागं पाचशे रोपं अन् पुढं दरी. मला हे बरं लक्षण दिसत न्हाई." तेव्हां तो शहाणा कारभारी बशींतला चहा फुंकीत म्हणाला कीं, "मामा, गाडी नाही वाजत, तुमचे कान वाजतात. वयच झालं की आता!" आणि सर्व मंडळी हंसली. मामा हंसले नाहींत. आम्हीं त्यांचें तोंड पाहिलें होतें, आणि पाहूनही घोट घेतला.

वैनीसाहेबीं म्हटलें, "बघू या की. हसताय काय?" आणि स्वतां गाडींत बसून परीक्षा करण्याचें ठरलें. आतां राज्याचा रिवाज ऐसा कीं वैनीसाहेब नेहमीं पुढें डाव्या हातास, खिडकीजवळ बसावयाच्या. आणि एकदां बसल्या कीं ठिकाण येईतों उतरावयाच्या नाहींत, आणि त्यांस मध्येंच "उतरा" म्हणण्याची प्राज्ञा कोणास नव्हती. मालकांचे वेळेपासून ही अदब चालत आली होती. तर वैनीसाहेब डावीकडे बसल्या, कारभारी मध्यें गिअरास गुडघे चुकवीत बसला, आणि मामांनीं ओढ्याच्या वळणावरून तीन फेरे काढिले, आणि धुक्यांतून बगळे उडाले, आणि बाभळी येत जात राहिल्या, आणि आवाज कांहीं येईना. मामा मुद्दाम खळगे धरून गाडी घालीत आणि कान देत, आणि गाडी कैसी तर लोण्यावरून चालल्यासारखी. तिसऱ्या फेऱ्यास मामांच्या कपाळीं घाम आला, त्या थंडींत. वैनीसाहेब खिडकीबाहेर पाहत राहिल्या, आणि तेंच मामांस अधिक लागलें.

मग गांवांतून इलाही मिस्त्री यांस बोलावणें गेलें. ते आले, पांढरी टोपी, खिशांत पाना, शब्दाचे सच्चे. त्यांनींही पुढें डावीकडेच बसून एक फेरा केला, कांहीं वाजलें नाहीं. मग जॅक लावून पुढचीं दोन्ही चाकें उचललीं, चाक धरून वर खालीं हालविलें, आडवें हालविलें, शॉकअप पाहिले, खालीं शिरून बॅटरीचा उजेड फिरविला. खालीं सर्व लाल आणि चकचकीत, जैसें कारखान्यांतून काल निघालें. बाहेर येऊन हात पुशीत म्हणाले, "मामा, खोटं कशाला बोलू? सगळं टाईट आहे. ही गाडी अजून दहा वर्षं पळेल." हें ऐकून मामांस आनंद व्हावा, परंतु त्यांचा चेहरा उतरला. तेव्हां कारभाऱ्यानें संधि साधली. त्याच्या साडूचा मुलगा लायसन्स काढून रिकामा बसला होता, हेंही येथें लिहिलें पाहिजे. तो वैनीसाहेबांस एकांतीं म्हणाला कीं, "उद्या खरंच काही झालं तर? ज्याला नसलेलं ऐकू येतं, त्याच्या हातात घाट कसा द्यायचा?" वैनीसाहेब पुष्कळ वेळ एका बकुळीच्या रोपाचीं पिंवळीं पानें खुडीत बसल्या, आणि मग म्हणाल्या कीं, "रविवारपर्यंत थांबा. नाहीच सापडलं तर सोमवारी किल्ली घेऊ." आणि तें मामांच्या कानीं घालण्याचें काम कारभाऱ्यानें मोठ्या तत्परतेनें केलें.

पुढील चार दिवस मामा कैसे राहिले तें त्यांनींच मागाहून सांगितलें, म्हणोन ठाऊक. दिवसां एकटे गाडी घेऊन निघत आणि आवाज येई, खट्ट, अगदीं स्पष्ट, आणि मग तेच म्हणत, "खरंच वाजलं, का मला वाजावंसं वाटलं?" धुक्यांत रस्ता पुढें दहा हात दिसे, बाकी सर्व पांढरें, आणि मागें रोपें पानें घासून कुजबुजत. त्यांस वाटे, आपण बावीस वर्षें एकाच स्वप्नांत गाडी चालवीत आहों आणि कोणीतरी आतां हालवून उठवील. घरीं भाकरी मोडली तरी दचकत. जेवण निम्मेंच होई. एकदां ओढ्याशीं गाडी उभी करून त्यांनीं स्टीअरिंगवर डोकें टेकलें आणि म्हणाले, "अरे बाबा, तू तरी सांग, मी खुळा झालो का?" ऐरावत काय सांगणार! इंजिन गार होतांना टिक टिक करी तितकेंच.

शनिवारीं एक गोष्ट घडली. दूरच्या एका गांवीं हापूसाचें मोठें कलम पाठवावयाचें होतें, भली थोरली कुंडी, माणूसभर वजनाची, आणि मागें वारा लागून फांदी मोडेल म्हणोन वैनीसाहेबीं ती पुढें डाव्या सीटवर ठेवविली. मामा निघाले. ओढ्याचें वळण आलें, खळगा आला, आणि आवाज नाहीं. पुढचा खळगा, आवाज नाहीं. जाऊन येऊन अठरा कोस, जातांना एकदांही नाहीं. कुंडी उतरविली, गाडी वळविली, आणि पहिल्याच खळग्यांत खट्ट. तेव्हां मामा रस्त्याचे मधोमध गाडी थांबवून मोठ्यानें हंसले, आणि एक गुरें राखणारी म्हातारी त्यांस पाहून म्हैस ओढीत बाजूस जाहली. मग त्यांचें हंसणें थांबलें. कारण आतां आवाज दाखवायाचा तर डावी सीट रिकामी पाहिजे, आणि त्या सीटवर बसावयाच्या वैनीसाहेब, आणि त्यांस खालीं उतरा म्हणावयाचें कोणीं?

रविवार उजाडला. मिस्त्रीस पुन्हां बोलाविलें. तेही मनांत खट्टू होऊनच आले होते, मागें हौद्यांत सोनचाफ्याच्या रोपांत उभे राहिले. वैनीसाहेब डावीकडे, कारभारी मध्यें, मामा सारथ्यास. वळण आलें. कांहीं नाहीं. कारभाऱ्यानें घसा खांकरिला. तो मामांनीं गाडी उभी केली, इंजिन चालूच ठेविलें, आणि समोर धुक्याकडे पाहत म्हणाले, "वैनीसाहेब, जरा उतरा."

कारभारी ऐसा वळला कीं त्याचा गुडघा गिअरावर आपटला. "मामा! कुणाला बोलताय? शुद्धीवर आहात का?"

मामा म्हणाले, "आजवर बोललो न्हाई. आज बोलतो. तुम्हीबी उतरा."

वैनीसाहेबीं त्यांजकडे पाहिलें. काय पाहिलें तें त्यांचें त्यांस ठाऊक. मग दार उघडलें, पदर सांवरला, आणि उतरून ओल्या गवतांत उभ्या राहिल्या, आणि कारभारी त्यांचे मागें. मामांनीं गाडी मागें नेली. ती धुक्यांत नाहींशी जाहली, केवळ इंजिनाचा आवाज राहिला. मग सावकाश पुढें आली, आणि बरोबर वैनीसाहेबांच्या पायांशीं खळग्यांत डावें चाक उतरलें आणि बोललें, खट्ट. पुन्हां मागें, पुन्हां पुढें, पुन्हां खट्ट. वैनीसाहेबांचा हात आपोआप तोंडावर गेला. "अगं बाई," त्या म्हणाल्या, "हे तर मेलेल्यालासुद्धा ऐकू येईल!" कारभाऱ्यास जमिनींत शिरावेंसें वाटलें, परंतु जमीन ओली होती.

मिस्त्री हौद्यांतून उडी मारून खालीं आले. त्यांस एकदम उमगलें कीं माणसाचें वजन त्या बाजूस पडलें कीं जें काय सैल आहे तें दाबून बसतें, आणि चाक अधांतरीं उचललें तर त्यावर भारच येत नाहीं, म्हणोन दोन्ही वेळां चकवा जाहला. म्हणाले, "आता जॅक नको. गाडी पायांवरच उभी राहू दे. कारभारी, चढा पुढच्या बंपरवर, आणि नाचा." कारभारी चढला आणि नाचला, धुक्यांत, धोतर नव्हे पॅन्ट सांवरीत, वर खालीं, वर खालीं. मिस्त्रींनीं उताणें निजून डोळे मिटले आणि एकेका सांध्यावर तळहात ठेवीत गेले, जैसी आई लेंकराच्या पोटावर ठेवते. बॉल जॉइंटावर ठेविला, गप्प. शॉकअपवर, गप्प. मग चाकाशेजारच्या लिंकवर, म्हणजे चाक गाडीशीं सांधणाऱ्या दांडीवर, ठेविला आणि म्हणाले, "थांबा... नाचा... हां. इथं आहे. हाताला टिचकी बसते."

बॅटरी लावून पाहिलें तर लिंकचें रबरी बुश, लोखंडावर लोखंड आपटूं नये म्हणोन सांध्यांत बसविलेलें, दिसावयास अखंड, लाल, गुळगुळीत. मिस्त्रींनीं पान्याच्या टोंकानें ओरखडलें. तो रंगाचा पापुद्रा निघाला, त्याखालीं दुसरा, त्याखालीं तिसरा, कांद्यासारखे, आणि सर्वांखालीं रबर नव्हतेंच. कुजून गेलें होतें. बुशाच्या आकाराचें रंगाचें टरफल तेवढें उरलें होतें आणि आंत लोखंडावर लोखंड आपटत होतें. मिस्त्री खालूनच म्हणाले, "ऑइलपेंट रबराला लावत नसतात हो, रबर खातो तो! हा रंग दिला कुणी?"

 मग मामा म्हणाले, "मी." दर दसऱ्यास, गाडीस हार घालण्यापूर्वीं, ते गाडीखालीं शिरून स्वहस्तें सर्व लोखंड रंगवीत, गंज लागूं नये म्हणोन, बावीस वर्षें, एक सांधाही न सोडतां.  दोन घटकांपूर्वीं जो माणूस खरा ठरला, तोच आतां मान खालीं घालून उभा. त्यांनीं कंबरेची किल्ली सोडली, गोंड्यासकट, आणि वैनीसाहेबांपुढें धरली. "कान शाबूत हायती वैनीसाहेब, पर खोट माझ्याच हातची निघाली. सोमवार कशाला, आजच घ्या."

वैनीसाहेबीं किल्ली घेतली. आम्हांस वाटलें, झालें. परंतु त्या म्हणाल्या, "भिवाजीमामा, ह्या गाडीवर माया करणारं दुसरं कुणी असतं तर मी किल्ली ठेवून घेतली असती. चाकात काही आहे म्हणून तुम्ही चार दिवस सांगत होता, आणि आम्ही बसल्या जागेवरून न्याय करत होतो. मला एकदा उतरून बघावंसं वाटलं नाही." आणि त्यांनीं किल्ली मामांच्या हातीं परत ठेवली आणि मूठ मिटविली. मामा रडले, अगदीं उघड, मिशीवरून पाणी. मिस्त्रींनीं गांवांतून नवें रबर आणवून बदललें, दुसऱ्या बाजूचेंही बदललें, कारण तेंही तसेंच टरफल होतें. परत निघतांना मामांनीं डावें दार उघडून धरिलें, तर वैनीसाहेब मागें गेल्या, चाकावर पाय देऊन हौद्यांत चढल्या आणि रोपांमध्यें कठडा धरून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "पुढची जागा रिकामीच राहू द्या. तुम्हाला नीट ऐकू आलं पाहिजे." गाडी धुक्यांतून निघाली, खळगे आले, गेले, कांहीं वाजलें नाहीं, आणि वैनीसाहेबांच्या खांद्यांस सोनचाफ्याचीं पानें लागत राहिलीं.

येणेंप्रमाणें डाव्या चाकाचें प्रकरण समाप्त. रबर सांपडलें, ऐरावत घाट उतरतो, किल्ली भिवाजी तोडकर यांच्या कंबरेस आहे. आतां कारभाऱ्याचें नांव या लेखांत कोठें आलें नाहीं ऐसें वाचणारा पुसेल, तर लिहिणारा तोच आहे. मामांनीं त्या दिवसापासून मला दोषाचा एक शब्द बोलून दाखविला नाहीं, सकाळीं भेटले कीं पूर्वीसारखेंच "चहा घेतला का?" विचारतात, आणि मला कप धरवत नाहीं. तोंडानें म्हणावयाचें धैर्य होईना म्हणोन हें सर्व लिहिलें. चुकलों, मामा.