ट्रॅक्टरला जोड पाहिजे

सन १९५७ च्या उन्हाळ्यात पेडगावच्या आसारामने एक जुना ट्रॅक्टर घेण्याचा विचार केला. विचार करायला त्या काळी परवानगी लागत नसे, त्यामुळे एवढा भाग विनासायास पार पडला.

कारण साधे होते. आसारामच्या काळ्या रानात चौदा एकर कुंदा माजला होता. कुंदा हे गवत वरून कापले तर दुप्पट फुटते आणि खणू लागले तर मुळी हातभर खाली घेऊन बसते. त्याला खोल नांगरटच हवी, आणि तीही मृग लागायच्या आत, म्हणजे उपटलेल्या मुळ्या उन्हात करपतात. यंदा नांगरट चुकली तर रान चौथ्या वर्षीही पडीक राहणार होते. ट्रॅक्टरपुरती रक्कम आसारामच्या गाठीला होती. अडचण तेलाची होती. तेल कार्डावर मिळे आणि कार्ड तालुक्याच्या अवजार कचेरीतून, खरेदी मंजूर झाल्यावर मिळे.

त्या कचेरीत बन्सीधरराव अव्वल कारकून होते. हैदराबाद राज्य मोडून आपण मुंबई राज्यात गेलो, तोवर ते पेशकार होते. राज्य बदलले, पदाचे नाव बदलले, मिसलीला फाईल म्हणायचे ठरले. खुर्ची मात्र तीच राहिली, कारण तिच्या बदलीचा हुकूम आला नव्हता.

"ट्रॅक्टरचा नमुना मुंबईहून यायचा आहे," बन्सीधरराव म्हणाले. "तोवर बैलखरेदीचा नमुना भरा. 'बैल' या शब्दावर काट मारा, वर 'ट्रॅक्टर' लिहा."

"पण साब, खाली समदं बैलाचंच इचारलंय की."

"खालच्यावर काट मारायचा मला अधिकार नाही."

नमुन्यासोबत निवड समितीचा अहवाल लागत होता. समितीत एक पारखी, एक साक्षर आणि एक निःपक्ष अशी तीन माणसे हवीत. पारखी म्हणून भुजंगमामांना पर्याय नव्हता. आसपासच्या दहा गावांत त्यांच्याशिवाय कोणी बैल घेत नसे. शेपटी चाचपून जनावर कुठल्या विहिरीचे पाणी प्यालेले आहे हे ते सांगत. साक्षर म्हणून सातवी पास मी. निःपक्ष माणूस गावात आठवडाभर शोधला. शेवटी तीही जागा मलाच देण्यात आली.

गंगाखेडला वैजीनाथ नावाच्या बागायतदाराच्या आवारात दोन जुने ट्रॅक्टर होते. तांबडा चालत होता आणि विकायचा होता. निळा तीन वर्षे लिंबाखाली उभा होता, आणि त्याच्या बैठकीवर एक कोंबडी अंड्यांवर बसली होती.

भुजंगमामांनी तांबड्याभोवती एक फेरी मारली. पाठीवर थाप टाकली, उलटा हात फिरवून कुठे भोवरा आहे का ते पाहिले, आणि म्हणाले, "दात दाखवा."

"मामा, ह्याला दात कशाचे?" वैजीनाथ गोंधळला. "आतल्या चाकाला हायेत म्हना."

"किती?"

"असतील बावीस."

मामा दोन पावले मागे सरले. "वैजीनाथ, आठ दातांला बैल जुळतो, पुरा वयात येतो. बावीस म्हंजे तुमी मला ह्याचा आजा दाखवायलाव."

मी नमुन्यात लिहिले : दात बावीस, सर्व शाबूत.

पुढचा रकाना शिंगांचा होता. मामांनी धुराची नळी पाहिली आणि 'एकशिंगी' असा निकाल दिला. मग स्वभाव. वैजीनाथने दांडा फिरवला. तांबडा थरथरला, काळा धूर ओकला आणि असा काही गरजला की मामांचा पुढचा अभिप्राय लिंबाच्या झाडामागून आला : "मारका हाय! लिव्ह, लय मारका हाय!"

आसाराम मात्र जागचा हलला नाही. त्याने तापलेल्या पत्र्यावर हात ठेवला. तीन वर्षांत मी त्याला पहिल्यांदा हसताना पाहिले.

"असू द्या मामा," तो म्हणाला. "कुंद्याला मारकाच पायजे."

"माझं ऐक, त्यो निळा घे. गरीब जात हाय. अंगावर कोंबडी बसलीय तरी कान हलवंना."

"मामा, त्यो चालतच न्हाई," वैजीनाथ प्रामाणिकपणे म्हणाला.

"मंग पळूनबी जायचा न्हाई."

तरीही समितीने दोन विरुद्ध एक मतांनी तांबडा निवडला. दोन्ही मते माझी होती.

अहवाल घेऊन आम्ही कचेरीत गेलो. बन्सीधररावांनी बावीस दात मान्य केले. एका शिंगावर शेरा मारून तेही मान्य केले. अकराव्या रकान्याशी त्यांचे बोट थांबले.

"जोडीदार कुठं आहे?"

"कोनाचा?"

"याचा. नमुना बैलजोडीचा आहे. एकट्या जनावराला मंजुरी दिल्याचं एकाही मिसलीत नाही. पूर्वीच्या राज्यात नाही, या राज्यात नाही."

"साब, ट्रॅक्टर एकलाच चालतो."

"असं एकट्यानं चालणाऱ्यांचंच पुढं वाईट होतं आसाराम," बन्सीधरराव म्हणाले, आणि हे त्यांनी खरोखर मायेने सांगितले.

आम्ही पुन्हा गंगाखेडला गेलो. वैजीनाथने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "निळा फुकट न्या. कोंबडी तेवढी ठेवा."

कार्ड नव्हते म्हणून तेल नव्हते, आणि तेल नव्हते म्हणून तांबडाही निळ्याइतकाच जड होता. दोन्ही ओढून आणायला आठ बैलजोड्या लागल्या. ट्रॅक्टर ओढण्याचा मान मिळतोय म्हटल्यावर गावाने बैल हसत दिले. गोदावरीच्या वाळूत एक दिवस गेला, पुढच्या वाटेत दोन. तिसऱ्या दिवशी मिरवणूक पेडगावच्या वेशीत आली.

आसारामची बायको मनकर्णा हळदकुंकवाचे ताट घेऊन उभी होती. नवे जनावर दारात आले की त्याच्या पायांवर पाणी घालायची रीत आहे. तिने आठ चाकांवर पाणी घातले. मग ट्रॅक्टर सोडून ती बैलच मोजू लागली.

"सोळा बैल," ती म्हणाली. "आवो, ह्याच सोळा बैलांला मोठा नांगर जुंपला असता तर तीन दिसांत निम्मा कुंदा निघाला असता की."

मी नमुना चाळून पाहिला, पण सूचना लिहायला त्यात जागा नव्हती.

"वहिनी, आमी ट्रॅक्टरसाठी आलो," बैलवाल्यांपैकी एक जण दुखावल्या आवाजात म्हणाला. "कुंद्यासाठी बैल कोन देतंय?" आणि सोळाही बैल आपापल्या दावणीला गेले.

आठवड्याने बन्सीधरराव तपासणीला आले. चाल पाहण्यापुरते एक बाटली तेल त्यांनी सोबत आणले होते. दोन्ही ट्रॅक्टर शेजारी उभे केले. दांडा फिरवताच तांबडा धूर सोडत चाळीस पावले गेला. निळा होता तिथेच राहिला.

बन्सीधररावांनी मान हलवली. "जोड बेमेल आहे. एक पुढं, एक मागं. अशानं नांगराचं तास तिरकं जातं."

"हे मातर खरं हाय," भुजंगमामा म्हणाले. सरकारचे आणि मामांचे पहिल्यांदाच एकमत झाले होते.

"निळ्याला चालवा."

"त्याचं सामान इलायतेतनं येतंय म्हनत्यात साब. दोन वरसं लागतील."

"मग तांबड्याला आवरा."

पुढे पळणाऱ्या बैलाच्या गळ्यात मामा लाकडाचे लोढणे बांधत. तसे एक तांबड्याला बांधले. तांबडा ते लोढणे घेऊन निघाला, वाटेत आसारामच्या गोठ्याची एक मेढ त्याने सोबत घेतली आणि गोठा खाली बसला. तेव्हा अधिक विचारांती तांबड्यातला ठिणगी देणारा पितळी भाग काढण्यात आला. तो फडक्यात बांधला, लाखेने मोहर केली आणि कचेरीच्या ताब्यात घेतला. दांडा पुन्हा फिरवून पाहिला. दोन्ही ट्रॅक्टर एका ओळीत, तसूभरही मागेपुढे न होता, उभे राहिले.

बन्सीधररावांनी समाधानाने लिहिले : चाल समान. स्वभाव गरीब.

"साब," आसारामचा आवाज चिरकला, "आता दोनीबी चालंनात!"

"चाल समान आहे असं मी लिहिलं आहे. चालतात असं कुठं लिहिलंय? मी खोटं लिहीत नाही आसाराम."

समितीने खाली सह्या केल्या. मामांनी अंगठा दिला, मी दोनदा सही केली.

आता मंजुरीला एकच पायरी उरली होती. ही जोड मंजूर होत असल्याची नोटीस चावडीवर पंधरा दिवस लावायची होती. कोणाची हरकत असेल तर त्याने लेखी द्यावी. निघता निघता बन्सीधररावांनी आसारामला बाजूला घेतले. ते काही दुष्ट नव्हते. दुष्टपणाला लागणारी सवड त्यांना नव्हती.

"जोड मंजूर झाली की तो पितळी भाग कायमचा मोहरबंद राहतो. एक जरी हरकत आली तर जोड रद्द होते," ते हळूच म्हणाले. "भाग परत मिळतो. शिवाय वादातलं जनावर उपाशी ठेवता येत नाही, निकालापर्यंत वैरण कचेरीनं द्यायची असं कलम आहे. तुमच्या जनावराची वैरण म्हणजे तेल. चौदा एकराला पुरेल."

"मग मीच देतो की हरकत!"

"अर्जदाराला देता येत नाही. कुटुंबाला नाही. समितीला नाही. बाकी कोणीही द्यावी. एक ओळ पुरे."

मृगाला पंधरा दिवस होते, नोटिशीलाही पंधरा.

नोटीस लागली आणि चावडीसमोर गर्दी झाली. वाचता येणाऱ्यांनी वाचली, न येणाऱ्यांनी वाचून घेतली. बावीस दातांशी पहिला हशा पिकला, एकशिंगीशी दुसरा, आणि 'चाल समान' ऐकून तर लोक ओट्यावर आडवे झाले. शेजारच्या गावांतून माणसे गाड्या जुंपून नोटीस ऐकायला आली. आसाराम प्रत्येकाच्या मागे कागद घेऊन फिरत होता.

"लय येडेपना हाय बघ ह्यो," पोट धरून एक जण म्हणाला.

"मंग तेवढंच लिहून द्या दादा. एक ओळ."

हसणे तिथे थांबले. "लेका, माझ्या इहिरीचा कागद त्याच खुर्चीपाशी अडकलाय. मी कामून नाव घालू?"

दुसरा म्हणाला, हरकत सोळा आणे खरी आहे, पहिली कोणी दिली की दुसरी माझीच समज. दुसरी हरकत द्यायला अशी चाळीस माणसे तयार होती. तिसऱ्याने सल्ला दिला की असल्या गोष्टींवर कोणीतरी लिहिले पाहिजे. मनकर्णाने दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी ती कुदळ घेऊन रानात गेली आणि एकटीच कुंदा खणू लागली. पंधराव्या दिवशी दुपारपर्यंत तिचे दोन गुंठे झाले होते.

त्या दुपारी मला एक काम सोपवण्यात आले. नोटिशीच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती : जो कोणी ही हकीकत वाचील किंवा ऐकेल आणि हरकत देणार नाही, त्याची संमती आहे असे धरून नाव नोंदवावे. साक्षर मीच असल्याने यादी मी केली. पेडगाव आणि आसपासची मिळून तीनशे बारा नावे झाली. कचेरी पाचला बंद व्हायची होती.

आपण पेडगावचे नाही हे मला ठाऊक आहे. पण ओळीत 'जो कोणी' असे आहे, आणि आपण हकीकत पहिल्यापासून वाचली आहे. बावीस दातांशी आपणही हसलात, हे मी पाहिले. कागद, टाक आणि दौत ओट्यावर मांडून मी आपली वाट पाहिली. आसारामही उभा होता.

पाच वाजले. तीनशे तेरावे नाव आपले घातले आहे.