बोरदऱ्याचा दुसरा टॉवर

बोरदऱ्यात मोबाईलचा दुसरा टॉवर आला तो पायी आला, आणि आल्या आल्या म्हणाला की पहिला मीच.

मंगळवार होता, बाजारचा दिवस. तो ओढ्याच्या अंगाने चढून आला आणि खळवाडीशेजारच्या पडीक जागेत चार पाय रोवून उभा राहिला. लोकांनी बघितलं आणि बाजाराला निघून गेले. खोटं कशाला बोला, कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. आधीचा टॉवर अकरा वर्षं सगुणाबाई वाकचौरेंच्या बांधावर उभा होता आणि त्याची रेंज म्हणजे नुसते उपकार. एक दांडी यायची, तीही बांधावर जाऊन मान वाकडी केली तर. नव्याने पहिल्याच दिवशी पाच दांड्या दिल्या. घरात, गोठ्यात, चुलीपुढे, जिथे बसाल तिथे पाच. आणि मोबाईलची जात तुम्हाला ठाऊकच आहे. जो मोठ्याने हाक मारील त्याच्या मागे जातो. दुपारपर्यंत सगळ्या गावाचे फोन नव्याकडे गेले, सगुणाबाईंचाही गेला.

सगुणाबाई जुन्या टॉवरच्या राखणदार. ग्रामपंचायतीच्या दप्तरी तशी नोंद आहे. रोज सकाळी त्याच्या पायाशी झाडायचं, वेल चढू द्यायचा नाही, दसऱ्याला कोयत्या-खुरप्याबरोबर त्यालाही हळदकुंकू वाहायचं. बाई मोठी कडक. नवरा गेल्यावर शेत एकटीने ओढलं, कुणापुढे पदर पसरला नाही. एकुलती लेक रंजना चार वर्षांपूर्वी आपल्या मनाने लग्न करून वापीला गेली, तेव्हापासून मायलेकींत बोलणं नाही. कुणी विषय काढला की सगुणाबाई उठून चालायला लागायच्या.

नवा टॉवर आला त्याच्या तिसऱ्या दिवशी, पाच वाजता, त्यांचा फोन वाजला.

"आई, मी रंजी. चहा झाला का गं?"

सगुणाबाईंच्या हातातलं सूप हातातच राहिलं. आवाज रंजनाचा होता, तंतोतंत. दुसऱ्या दिवशी पाचला पुन्हा फोन. मग रोजच. गुडघा कसा आहे, शेळी व्याली का, औषध वेळेवर घेतेस का. जुन्या गोष्टीचं अवाक्षर नाही. महिनाभरात सगुणाबाई साडेचारपासूनच फोन मांडीवर घेऊन ओट्यावर बसायला लागल्या. शेजारणीला बोलावून चहा पाजू लागल्या. हे बोरदऱ्यात टॉवर चालत येण्यापेक्षा नवलाचं होतं. बोलून झालं की मात्र त्यांना एक गोष्ट खटकायची. रंजना इतकी गोड कधीच नव्हती. माझ्या पोटची, ती गोड कुठून असणार, असं त्या स्वतःशी म्हणायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा साडेचारला ओट्यावर येऊन बसायच्या.

त्यातच सोपान हासेच्या मुलीचं लग्न मोडलं. नवऱ्या मुलाकडे सोपानच्या नंबरवरून, सोपानच्याच आवाजात फोन गेला की तुमचं घर आमच्या मनास येत नाही. सोपान त्या वेळी म्हशीला पाणी पाजत होता, बघणारे चार जण होते. मग एकेक बाहेर पडायला लागलं. शाळेच्या बाईंच्या आवाजात अख्ख्या शाळेला तीन दिवस सुट्टी दिली गेली होती. दूध डेअरीच्या चेअरमनने फोनवरून राजीनामा दिला होता आणि तो मंजूरही झाला होता. हे चेअरमनला सगळ्यात शेवटी कळलं.

हे सगळं नवा टॉवर आल्यापासूनचं, म्हणून सरपंच यमाजी नवले यांनी ग्रामसभा बोलावली. ग्रामसेवक गायकर, ज्यांना सगळं गाव भाऊसाहेब म्हणतं, त्यांनी दोन्ही टॉवरला रीतसर नोटिसा बजावल्या. विषय एकच: बोरदऱ्याचा टॉवर कोणता? टॉवर काही सभागृहात मावणारे नव्हते. म्हणून बांधाला लागून असलेल्या शाळेच्या मैदानात टेबल टाकलं, त्यावर दोन फोन ठेवले, एक याच्या रेंजमधला, एक त्याच्या. दोन्ही स्पीकरवर लावून जबाब घ्यायचं ठरलं.

आधी धोंडीबा आवारी उठले. वय ऐंशीच्या घरात, पण बोलणं खणखणीत.

"मला एक सांगा. आपण सोयरीक करताना मामकूळ विचारतो, देवक विचारतो. वाटेवर अनोळखी माणूस भेटला तर कुठला तू, कुणाचा तू, हे विचारल्याशिवाय पाणी देत नाही. हा टॉवर रोज आपल्याला विचारतो, तू कोण, तुझा नंबर कोणता. आणि आपण मुकाट सांगतो. आपल्यापैकी एकाने तरी कधी त्याला विचारलं का, की बाबा रे, तू कोणाचा?"

कुणीच विचारलं नव्हतं. चूक गावाची होती. भाऊसाहेबांनी ती तशीच इतिवृत्तात लिहून घेतली.

मग विचारलं. नवा टॉवर घडाघडा बोलला. कोणत्या साली उभा राहिलो, पाया खणताना कुणाचा पाय मोडला, दसऱ्याला नारळ कुणाचा असतो, सगळं बिनचूक. जुना आपला "मी... अकरा व..." एवढं म्हणून तुटायचा. त्याला तीनदा जोडावा लागला. सभेत कुजबूज सुरू झाली आणि लोकांचा कल नव्याकडे झुकायला लागला.

"अरे, त्याला ठाऊक असणारच!" धोंडीबा पुन्हा उठले. "महिनाभर आपण त्याच्याच कानात बोलतोय. जे कुणी कधी फोनवर बोललंच नाही, असं काहीतरी विचारा."

सरपंचांनी सभेला विचारलं, असं कुणाकडे काय आहे? लोक डोकं खाजवायला लागले. आजारपणं, भावकीतले वाद, कुणाच्या मनात काय आणि कुणाच्या घरात काय, सगळं फोनवर बोलून झालेलं. चेअरमनने हात वर केला आणि खाली घेतला. त्यांना आठवलं की ते त्यांनी साडूला सांगितलं होतं. साडेतीन हजारांची वस्ती, पण फोनवर न बोललेली एक गोष्ट कुणाकडे निघेना.

सगुणाबाईंकडे ती होती. सभा भरल्यापासून त्यांना ते माहीत होतं. ती विचारली तर उद्या पाच वाजता काय होईल, हेही माहीत होतं. त्या खाली बघत बसल्या. पण खाली बघितलं तर समोर जमिनीवरच सोपानची पोर बसली होती, हळद लागायच्या आधीच रडून डोळे सुजलेली. सगुणाबाईंना तिची दया आली आणि स्वतःचा राग आला. त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

"भाऊसाहेब, माझ्याकडे आहे."

त्या नव्या टॉवरच्या फोनपुढे जाऊन उभ्या राहिल्या. "माझ्या लेकीला दे."

"आई?" लगेच रंजनाचा आवाज आला. "आज लवकर गं?"

बायकांनी तोंडाला पदर लावले.

"रंजे, तू घरातून निघालीस त्या दिवशी मी दारात उभी राहून तुला काय म्हणाले?"

"सुखाने संसार कर म्हणालीस, आई. आणि माझ्या तोंडावरून हात फिरवलास."

भाऊसाहेबांनी पेन उचललं. "उत्तर बरोबर आहे का, सगुणाबाई?"

किती सोपं होतं! नुसती मान हलवायची. गावाने विश्वास ठेवला असता, आणि आणखी चार वर्षांनी कदाचित त्यांनी स्वतःही ठेवला असता.

"चूक," सगुणाबाई म्हणाल्या.

"मग बरोबर काय? नोंद करायची आहे."

"ते मी सांगणार नाही."

भाऊसाहेबांनी लिहिलं: साक्षीदाराने मजकूर सांगण्यास नकार दिला. मग नियमाप्रमाणे तोच प्रश्न जुन्या टॉवरला विचारला.

"मला... माहीत नाही," जुना खरखरत म्हणाला. "माझं काम पोचवायचं. ऐकायचं नाही."

निकाल झाला. ज्याला ठाऊक नाही, तोच बोरदऱ्याचा. ठराव सर्वानुमते मंजूर. नव्या टॉवरने वाद घातला नाही. ठरावाची सही-शिक्क्यानिशी एक प्रत मागून घेतली आणि खालच्या गावाच्या रस्त्याला लागला. सोपानने फोन खिशातच ठेवला आणि मोटरसायकल काढून स्वतः व्याह्यांकडे गेला.

दुसऱ्या दिवशी पाच वाजले. फोन वाजला नाही. सव्वापाच झाले. सगुणाबाई ओट्यावरून उठल्या, बांधावर गेल्या आणि मान वाकडी करून उभ्या राहिल्या. एक दांडी आली. चार वर्षं पाठ असलेला नंबर त्यांनी पहिल्यांदा लावला.

"कोण?"

"मी गं. आई."

पलीकडून रंजना म्हणाली, "कोणती आई?"

"म्हणजे?"

"रोज पाचला फोन करते ती, की दुसरी? ती महिनाभर करतेय. माझं चुकलं म्हणते. जावयाची चौकशी करते. पहिल्याच दिवशी मला कळलं होतं, ही माझी आई असायची नाही. तरी मी रोज उचलला. आज तिचा आला नाही, तुझा आलाय. तू खरी कशावरून?"

सगुणाबाईंनी टॉवरच्या खांबाला हात लावला.

"विचार काय विचारायचं ते."

"मी निघाले तेव्हा काय म्हणालीस?"

सगुणाबाई हळूच बोलल्या.

"ऐकू येत नाही. तुटतंय."

त्या पुन्हा बोलल्या, जरा मोठ्याने. मध्येच रेंज गेली. पुन्हा आली.

"आई, अजून नाही आलं. परत बोल."

"तू मला मेलीस, असं म्हणाले!" सगुणाबाई ओरडल्या. शेजारच्या रानात खुरपणाऱ्या बायांनी माना वर केल्या. "आजपासून तू मला मेलीस, असं म्हणाले गं मी, रंजे!"

दांडी टिकून राहिली.

"हां," पलीकडून रंजना म्हणाली. "तूच आहेस. बोल, आई."