नरकाची रंगसफेदी

"आपली चाळ पिक्चरमध्ये येणार," असं धोंडू परडकरने जेवताना बायकोला, सुगंधाला, सांगितलं. कशासाठी येणार, ते मात्र त्याने भाताच्या घासाबरोबर गिळून टाकलं.

गिळण्यासारखंच होतं ते. धोंडू गोरेगावच्या एका स्टुडिओत सेटवर सुतारकाम करायचा. बावीस वर्षांत त्याने राजवाडे बांधले, तुरुंग बांधले, एका देवाधर्माच्या पिक्चरसाठी अख्खा कैलास बांधला. पण पडद्यावर नावं सरकायला लागली की त्यांत चहावाला असायचा, हिरॉइनचे केस विंचरणारी असायची, धोंडू नसायचा. यंदा मात्र कला दिग्दर्शक विद्याधरसाहेबांनी शब्द दिला होता. पिक्चर होतं सन दोन हजार चाळीसचं. जगात जुलमी राज्य आलंय, माणसांना नावांऐवजी नंबर आहेत, भोंग्यावरून हुकूम सुटतात. "त्यासाठी एक भकास वस्ती शोधून दे, धोंडू. पडद्यावर तुझं नाव. सहायक कला."

धोंडू बिचारा साहेबांना घेऊन पार कांजूरच्या कचराडेपोपर्यंत फिरला. साहेबांना काही पसंत पडेना. शेवटी एका संध्याकाळी ते त्याला घरी सोडायला आले. आरे कॉलनीच्या रस्त्यालगतच्या चाळीसमोर गाडी थांबली आणि साहेब बघतच राहिले. पोपडे सुटलेल्या भिंती, लोंबणाऱ्या वायरी, वाकलेला जिना, सहा वर्षं गळणारा नळ. साहेबांचे डोळे भरून आले.

"अरे, नरक तुझ्याच घरी होता आणि तू मला मुंबईभर फिरवलंस!"

आता हे चाळीला सांगणार कोण? धोंडूने पळवाट काढली. "पुढच्या जमान्यातलं राज्य दाखवायचंय," तो सुगंधाला म्हणाला. "सोमवारी येतील. तुम्ही काही करू नका हां. चाळ आहे तशी ठेवा." आणि तो चार दिवसांसाठी स्टुडिओत मुक्कामाला गेला, भोंग्याचा मनोरा बांधायला.

तिथेच चुकलं. कोकणातल्या घरात पाहुणा "काही करू नका" म्हणाला, की त्याच्यासाठी वड्यांचं पीठ मळायला घेतात. हे धोंडूला ठाऊक नसावं, याचं मला अजून नवल वाटतं.

सुगंधाने दुसऱ्याच दुपारी बायकांना नळावर जमवलं. "गणपतीला आपण चुना लावतो की नाही? मग अख्खी दुनिया बघणार, तेव्हा नको?"

चुन्याचं एकच पिंप आणलं, त्यामुळे चोवीसच्या चोवीस खोल्या एकसारख्या पांढऱ्याफेक झाल्या. दारांना एकच निळा रंग. संपापासून गिरणी सुटलेल्या रामनाथने जपून ठेवलेला करड्या कापडाचा अख्खा तागा काढून दिला. त्याचे चोवीस पडदे झाले, उरलेल्यात पोरांचे सदरे. पहिल्या खोलीतल्या सगुणाबाईंनी प्लंबरला त्याच्या घरून हाताला धरून आणला आणि नळ दुरुस्त करेपर्यंत सोडला नाही. पाहुण्यांसमोर नळावर भांडणं नकोत, म्हणून सुगंधाने प्रत्येक बादलीवर ऑइल पेंटने नंबर घातला आणि रांग लावून तालीम घेतली. दाराला तोरणं, अंगणात रांगोळी. चाळ इतकी सुंदर झाली की पोस्टमन पुढे निघून गेला.

सोमवारी सकाळी युनिटचे ट्रक आले. विद्याधरसाहेब उतरले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"धोंडू, हे काय आहे?"

"चाळ, साहेब," धोंडू म्हणाला. त्यालाही खात्री नव्हतीच.

"माझा नरक कुठाय?"

साहेबांनी घड्याळ बघितलं. "दहाला डायरेक्टर येतायत. तोपर्यंत या भिंतींवर काजळी दिसली पाहिजे. नाहीतर पडद्यावरचं नाव विसर."

मनोरा उभा राहत होता, भोंगे चढत होते. धोंडूने काजळीच्या पाण्याचा पंप पाठीला लावला आणि मन घट्ट करून पहिल्या खोलीकडे वळला. नेमकी ती सगुणाबाईंची. म्हातारी केरसुणी घेऊन दारातच उभी राहिली.

"मेल्या, माझ्या दाराक काळा फासतंस?"

"मावशी, पिक्चरसाठी हाय गं!"

"तुझ्या पिक्चराक लावलंय आग!"

गलका ऐकून सुगंधा धावत आली. "अहो, हे काय चाललंय?"

धोंडूला आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्याने खाली मान घालून सगळं सांगितलं. रामनाथ पायरीवर बसला आणि आपल्या करड्या पडद्याकडे बघत राहिला. धोंडूला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"म्हणजे नरक म्हणून घेतली चाळ," सुगंधा हळू आवाजात म्हणाली. "बावीस वर्षं मी नरकात संसार केला."

"तसं नाय गं, साहेब म्हणाले..."

"तुमच्या साहेबांना दाखवते नरक कसा असतो."

ती तरातरा मनोऱ्यावर चढली. जुलमी राजाच्या हुकमांसाठी जोडलेला माइक तिने हातात घेतला आणि चार भोंगे एकदम कडाडले.

"ऐका! पिक्चरवाल्यांनी चपला जिन्याखाली काढायच्या! थुंकायचं नाही! विडी ओढायची नाही! पाणी पाहिजे त्याने नंबर घेऊन रांगेत उभं राहायचं! सगुणाबाई, पंप जप्त करा!"

पंप जप्त झाला. साठ माणसांचं युनिट मुकाट्याने अनवाणी झालं आणि नंबराची भांडी घेऊन नळापुढे उभं राहिलं. जुलमी राजाचं काम करणारा सहा फुटी नट काळा झगा सावरत पुढे घुसू लागला, तशी भोंग्यातून वीज पडली. "नंबर चौदा! मागे व्हा!" राजा मागे झाला. करड्या सदऱ्यांतली पोरं दोन्ही बाजूंना ओळीत उभी राहून, शिकवल्याप्रमाणे, एका सुरात "नमस्ते" म्हणत होती.

दहा वाजता डायरेक्टर चंद्रप्रकाश आले. गाडीतून उतरता उतरता त्यांनी सिगारेट पेटवली.

"पांढरा शर्ट! विझवा ती!"

चंद्रप्रकाशांनी घाबरून सिगारेट विझवली, तीही स्वतःच्या तळहातावर. मग फुंकर मारत त्यांनी वर पाहिलं. एकसारख्या पांढऱ्या खोल्या, एकसारखी दारं, एकसारखे पडदे, नंबर घातलेल्या बादल्या आणि खाली मान घालून उभे असलेले साठ बाप्ये.

"विद्याधर," ते कुजबुजले, "मैं तो कचरे में नरक ढूँढ रहा था. असली डर तो यहाँ लगता है! किसका आइडिया है?"

विद्याधरसाहेबांनी धोंडूकडे बघून भुवया उडवल्या. बोल, तुझीच आयडिया म्हणून सांग. नाव एका शब्दावर आलं होतं. धोंडूने तोंड उघडलं.

"धोंडू परडकर!" भोंगा कडाडला. "आता तरी खरं बोला!"

"बायकोची, साहेब," धोंडू म्हणाला.

शूटिंग आठ दिवस चाललं. माइकवर सुगंधाच राहिली. जाताना युनिटच्या मॅनेजरने वहीत उतरवायला तिचं नाव विचारलं. धोंडू शेजारीच चपला शोधत होता. त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

दिवाळीत पिक्चर लागलं. चाळ झाडून सगळी पहिल्या खेळाला गेली. धोंडू यायला तयार नव्हता, सुगंधाने त्याला जवळजवळ ओढूनच नेलं. सुरुवातीलाच नावं सरकायला लागली. चहावाला आला, केस विंचरणारी आली. धोंडू पायांकडे बघत बसला.

"वर बघा," सुगंधाने कोपर मारलं.

पडद्यावर अक्षरं होती. सहायक कला: सौ. सुगंधा धोंडू परडकर. रेशनकार्डावर आहे तसं, पूर्ण.

धोंडूने ते दोनदा वाचलं. मग बावीस वर्षं वाट बघितलेला माणूस खुर्चीवर चढून ओरडला, "आलं! आलं रे! माझं नाव आलं!"

चाळीने शिट्ट्या मारल्या. मागच्या रांगा वैतागल्या. तेवढ्यात पडद्यावरचा भोंगा सुगंधाच्या आवाजात कडाडला, "गप बसा सगळे!"

थिएटर चिडीचूप झालं. सगळ्यांत आधी धोंडू बसला.