तुफानच्या वाढदिवसाचा बॅनर

पनवेलमध्ये कोणाचं तोंड किती मोठं दिसावं, हे गेली बावीस वर्षं मी ठरवतो! हसू नका. पूर्वी पब्लिसिटी, एसटी स्टँडच्या मागे, प्रोप्रायटर अविनाश. दुकानाला मुलीचं नाव, मशीन सेकंडहँड, अक्कल मात्र माझी स्वतःची.

बॅनर म्हणजे नुसतं छापणं नव्हे महाराजा! कोणाचा फोटो वर, कोणाचा खाली, कुठले दोन भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत म्हणून त्यांचे फोटो फुटपट्टीने मोजून सारखे, हे सगळं डोक्यात ठेवावं लागतं. दुपारी एक ते चार माझं डोकं घरी उशीवर असतं. तेवढा वेळ बायको, आमची मनिषा, दुकानात बसते. तिला काय, नुसतं बसायचंच तर असतं!

आणि मग आलं झगमग ॲप. मोठी कंपनी, काचेची इमारत, निम्मा भाव, बॅनर घरपोच! वर्षभरात माझी सगळी गिऱ्हाईकं तिकडे पळाली. उरले एकटे नेऱ्याचे काशीरामशेठ. शर्यतीचा बैल तुफान हा त्यांचा जीव की प्राण. दरवर्षी त्याचा वाढदिवस, मांडव, केक आणि वीस फुटी बॅनर. शेठ गेले की दुकानाला कुलूप आणि मला वाशीला मेहुण्याच्या ऑफिसात नोकरी. मेहुणा लग्नापासून या दिवसाची वाट बघतोय.

"अविनाशभाऊ, झगमगवाले निम्म्यात देतान," शेठ म्हणाले. "तुमी काय बोलता?"

"त्याहून शंभर रुपये कमी!" मी गरजलो.

शेठ गेल्यावर लक्षात आलं, एवढ्यात तर कोरा फ्लेक्ससुद्धा येत नाही!

पण हार मानेल तो अविनाश कसला! काट्याने काटा काढायचा. झगमगवर पहिल्या ऑर्डरला घसघशीत सूट होती. 'सत्यजीत' असं खोटं नाव टाकून शेठचा बॅनर मी झगमगवरच मागवला. पत्ता थेट मांडवाचा दिला. मनिषाला सांगितलं नाही. ज्यांना रोज जेवताना शिव्या घालतो, त्यांच्याच दारात गेलो हे कुठल्या तोंडाने सांगणार?

पैसे भरले आणि मग मोबाइलवर नमुना आला. ॲप म्हणे आपोआप चेहरे ओळखतं. बैलाचा चेहरा काही त्याला पटला नव्हता. 'तुफान यांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा!' आणि खाली भल्यामोठ्या गोलात कोण? काशीरामशेठ! खालच्या शुभेच्छुकांच्या रांगेत, शेठचे व्याही आणि माजी उपसरपंच यांच्या मधोमध, तुफान!

हेल्पलाइनला फोन लावला.

"सर, तुफान सरांचं वय काय?"

"पाच."

"सो स्वीट! मग ते शिंगवाले सर कोण?"

"अहो, तेच तुफान! बैल आहे तो!"

"सर, प्लीज शिवीगाळ करू नका. आपली तक्रार तुमच्या भागातल्या छपाईवाल्याकडे पाठवली आहे. कृपया स्टार द्या."

दिला! एक! खाली चार ओळींची जागा होती, तीही भरली. डोकं जरा शांत झालं.

दुसऱ्या दिवशी मार खायच्या तयारीने नेऱ्याला गेलो. मांडवात शेठ नव्या सदऱ्यात, तुफान जरीच्या झुलीत. तेवढ्यात झगमगची जांभळी पिशवी घेऊन एक स्कूटर आली. हेल्मेट निघालं. मनिषा!

"अहो, तुम्ही इथे?"

"तू इथे?"

पोरांनी बॅनर उलगडला. मी डोळे मिटले. शिट्ट्या ऐकू आल्या म्हणून उघडले, तर मधोमध तुफान, दोन्ही शिंगं अख्खी! एका बाजूला शेठ, दुसऱ्या बाजूला त्यांच्याशी अबोला धरलेला भाऊ विठू, दोघं अगदी एका मापाचे!

मनिषाने मला बाजूला घेतलं. "चार महिने झाले, दुपारी झगमगचे बॅनर मीच छापतेय आणि पोचवतेय, आपल्या मशीनवर. तुम्हाला कमीपणा वाटेल म्हणून बोलले नाही. काल शेठची ऑर्डर तिथे बघितली आणि रडूच आलं हो. वाटलं, यांचं शेवटचं गिऱ्हाईकही गेलं. पण बैल शुभेच्छुकांत? बघवेना. सगळा बॅनर नव्याने जुळवून छापला."

मला भरून आलं. खरंच आलं. सगळं कबूल करणार, तोच शेठनी पाठीवर थाप मारली.

"मानला अविनाशभाऊ! ऑर्डर आमी दिली तुमाला, छापून आनली झगमगकडून, न घेऊन आल्या वहिनी! एका बॅनरला किती मानसं लावता?"

मनिषाने माझ्याकडे पाहिलं. मग शांतपणे मोबाइल काढला आणि मोठ्याने वाचलं, "एक स्टार. 'या छपाईवाल्याला धंद्यातलं ओ की ठो कळत नाही. अशा माणसाने दुकान बायकोच्या ताब्यात द्यावं आणि घरी झोपा काढाव्यात.' खाली नाव, सत्यजीत."

मी तुफानकडे बघू लागलो. त्याने मान फिरवली.

"सल्ला चांगला आहे," मनिषा म्हणाली. "फक्त शेवटचं जमणार नाही."

दुकान वाचलं. नेऱ्याचं सगळं काम आता आमच्याकडेच येतं. पाटीवर प्रोप्रायटर मनिषा. दुपारी एक ते चार ती छापते, मी बॅनरच्या कडांना रिंगा ठोकतो. तक्रार काही नाही. फक्त गिऱ्हाईकांसमोर तिने मला 'सत्यजीतराव' म्हणायला नको होतं!