कोळेकर तात्यांचे पंप

कोळेकर तात्या पंपांची ख्यालीखुशाली विचारायला पत्रं लिहायचे. कार्डावर पत्ता एखाद्या साखर कारखान्याच्या इंजिनिअरचा असे, पण मजकूर असा: "आमचा पंप कसा हाय? खालच्या बेअरिंगला हात लावून बगा, चटका बसतो का. उन्हाळ्यात त्याला तरास व्हतो. बाकी क्षेम."

तात्यांना जाऊन दोन महिने झाले. त्यांच्याविषयी चांगलं लिहायला बसलो आहे, पण आधी खरं सांगायला हवं. मला त्या माणसाचा हेवा वाटायचा. तो हेवा अजूनही पुरता गेलेला नाही.

बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचा कारखाना. साखर कारखान्यांना लागणारी यंत्रं आम्ही बनवत होतो. ऑर्डर आली की तिला नंबर पडायचा. मग ड्रॉइंगमधून दोन, फाउंड्रीतून चार, जुळणीतून पाच अशी माणसं गोळा करायची. यंत्र ट्रकवर चढलं की नारळ फोडायचा, पेढे वाटायचे आणि माणसं पांगायची. फाईल बंद करायचं काम माझं. मी प्रत्येक पानावर नंबर घालून, लाल शाईनं 'काम पूर्ण' लिहून ती कपाटात ठेवत असे. माझ्या टेबलाच्या खणात नेहमी पुस्तक असायचं, म्हणून सगळे मला मास्तर म्हणत.

जुळणीचे फोरमन असलेल्या तात्यांना 'पूर्ण' हा शब्दच मान्य नव्हता. "मास्तर, लेक नांदायला गेली. मेली न्हाय," ते म्हणायचे. तात्या लासुर्ण्याचे. त्यांचे आजोबा मेंढरं राखत. "आमचा आज्जा एकेक मेंढरू तोंडावरनं वळखायचा. तुमाला पंप नंबरानं बी वळखाय येत न्हाय."

बावड्याला भाचीच्या लग्नात मुलीचे मामा म्हणून ते हजर होते आणि ऐन मुहूर्ताला गायब झाले. शोधून आणलं तेव्हा कपाळाला गंधाऐवजी ग्रीस लागलेलं. जवळच्या कारखान्यात आपला पंप होता, त्याला कान लावून आले होते. बहीण भर मांडवात म्हणाली, "दादा, अक्षता त्या पंपावरच टाकायच्या व्हत्यास की रं!" तात्या गंभीरपणे म्हणाले, "त्याचं बरं हाय. तुजं चालू दे."

मग पुण्याहून नवे जनरल मॅनेजर आले. त्यांनी जाहीर केलं की ऑर्डरपुरती टोळी जमवणं यापुढे बंद. पंपाचा एक गट, गिअरचा एक, बॉयलरचा एक. ड्रॉइंगपासून दहा वर्षांनंतरच्या तक्रारीपर्यंत यंत्र त्याच गटाचं. सगळा कारखाना हादरला. ड्रॉइंगवाल्यांची टेबलं वर्कशॉपमध्ये आली, तेव्हा त्यांनी पांढऱ्या शर्टांचं सुतक पाळलं.

मी मात्र खूश होतो. या विषयावर होतं नव्हतं ते वाचून तीस पानांची टिपणी इंग्रजीत लिहिली होती. पंपाच्या गटाचा प्रमुख मीच होणार, अशी माझी खात्री होती. बैठकीला इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. साहेबांनी माझ्या टिपणीवर चहाचा कप ठेवला आणि विचारलं, "कोळेकर, तुमचे पंप कसे आहेत?"

"बावड्याकडचा जरा खोकतोय. सोलापुरातला मागं बगून आलो, भला हाय, पर त्याचा ऑपरेटर ढिला. सांगलीचा कळंना. पत्र टाकलंय."

साहेब पुढे सरसावून ऐकत होते. माझं कुणी असं कधी ऐकलं नाही. गट तात्यांना मिळाला.

तात्यांचा पहिलाच हुकूम आला: पंपांच्या बंद फायली काढा. नेमक्या त्याच मला उघडायच्या नव्हत्या. कारण तात्यांच्या कार्डांना उत्तरं येत असत. कार्डावर ऑर्डरचा नंबर असल्यामुळे ती माझ्या टेबलावर यायची. पहिलं पत्र मी नियमाप्रमाणे फाईलला लावलं. दुसऱ्यात लिहिलं होतं, 'तात्यांसारखा माणूस पाहिला नाही.' तेही लावलं, तात्यांना न सांगता. त्यानंतर नियमाचा काही संबंध नव्हता. तात्या मात्र म्हणत राहिले, "कामात असत्याल बिचारे."

पत्रं काढून टाकावी म्हणून कपाट उघडलं. पण प्रत्येक पत्रावर माझ्याच सुवाच्य अक्षरात पानाचा नंबर. सतरानंतर एकवीस कसं चालणार? ते माझ्यानं होईना.

फायली उघडल्या तेव्हा साहेबही तिथं होते. "ही पत्रं इथं कशी? यात तर तक्रारी आहेत!"

तात्यांनी एकेक पत्र उलटलं. मग माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणी त्यांनी खरं सांगितलं असतं, तर माझी नोकरी गेली असती.

"मीच ठिवाया सांगितली व्हती," तात्या म्हणाले. "मास्तरांनी येक बी कागद फाडला न्हाय, बगा. त्यास्नी माझ्या गटात द्या."

साहेब गेले. मला मान वर करवेना. तात्यांनी सगळ्यांत जुनं पत्र काढून घेतलं आणि बाकीची दोऱ्यानं बांधून माझ्या खणात ठेवली.

"सगळी न्या ना, तात्या. तुमचीच आहेत."

"आजच सपवली, तर उद्यापास्नं हायेच की परत वाट बघणं." ते भाकरीचं फडकं सोडत म्हणाले, "कारभारीण गेल्यापास्नं घरला येक कार्ड न्हाय, मास्तर. पोस्टमन वाट बी इसरला. वाचा तुमी. जरा मोठ्यानं."

त्यांना वाचता येत होतं. तरी मी वाचलं. "प्रिय कोळेकर तात्या, सप्रेम नमस्कार. पंप उत्तम चालतो आहे. तुम्ही सांगितल्याप्रमाणे..."

त्यांनी हात वर करून थांबवलं.

"पंपाचं कळलं. ती वरली वळ परत वाचा."

"कुठली?"

"नाव लिवलंय ती."